हीट ट्रीटमेंटच्या मोहितेबाई

शालिनी मोहिते या बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते मुलाखतीच्या खोलीत, आणि पाचव्या मिनिटाला माझी खात्री झाली की या बाई काही इथे लागत नाहीत.

फरीदाबादला आमचा गिअरचा कारखाना होता. नव्वदीच्या दशकाची सुरुवात. जन्मभर ट्रॅक्टरचे गिअर करत आलेल्या कंपनीला अचानक नव्या मोटारींच्या ऑर्डरी मिळायला लागल्या होत्या आणि साहेबलोक एकदम टाय लावून यायला लागले होते. मी पर्सोनेल खात्यात असिस्टंट. मुलाखती चालू असताना कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायची, पत्रं टाइप करायची, फायली सांभाळायच्या, हे माझं काम.

बाई आत आल्या. तिशीच्या आतबाहेर, सुती साडी, पदर खोचलेला, हातात कागदांची पिशवी. कराडला मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, सांगलीकडे एका फाउंड्रीत चार वर्षं नोकरी. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यांची बदली दिल्लीला झाली म्हणून इकडे आलेल्या. आमचे पर्सोनेल मॅनेजर मल्होत्रा यांनी सर्टिफिकेटं उलटीसुलटी केली आणि विचारलं, "शादी हो गई है?"

"हो गई."

"बच्चे?"

"एक लड़की है. चार साल की."

"वो बीमार पड़ेगी तो?"

"तो डॉक्टर के पास ले जाएँगे."

मल्होत्रांनी चष्मा काढला. "मेरा मतलब है, फिर ड्यूटी कौन करेगा?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "हमारे पहले जो साहब अंदर आए थे, उनको भी दो बच्चे हैं. बाहर बेंच पे बता रहे थे. उनको आपने ये पूछा क्या?"

माझं पेन थांबलं. हे टिपणात लिहायचं की नाही ते मला कळेना. तेवढ्यात वर्क्स मॅनेजर बेदीसाहेब मोठ्यानं हसले. बेदीसाहेब हे आमच्याकडचे जुने सरदारजी, भट्ट्यांच्या आगीत आयुष्य काढलेले. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक गिअर ठेवलेला असायचा. तो त्यांनी पुढे सरकवला. बाईंनी तो उचलला, दातांवरून अंगठ्याचं नख फिरवलं, उजेडात तिरका धरला आणि म्हणाल्या, "ये तो रिजेक्ट है. दाँत टेढ़ा हो गया है."

"इसीलिए तो टेबल पे है जी," बेदीसाहेब म्हणाले. "कल से आ जाओ."

अशा मोहितेबाई आमच्या हीट ट्रीटमेंट विभागात आल्या. गिअर कापून झाला की तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचा आणि मग तेलात बुडवायचा. त्यानं तो कणखर होतो. हे काम करणारी शेड म्हणजे कारखान्यातली सगळ्यात तापलेली जागा. साडेतीनशे माणसांच्या त्या कारखान्यात टेलिफोनवरची मुलगी सोडली तर बाईमाणूस या एकट्या. आठवड्याभरात त्यांनी साडी सोडून सलवार-कमीज घातली, ओढणी घरी ठेवली, केसांचा घट्ट अंबाडा बांधून त्यावर टोपी चढवली. कामगारांनी पहिले काही दिवस गंमत म्हणून पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की या बाई भट्टीचं दार उघडलं की मागे सरत नाहीत, आणि कुणी हातमोजे न घालता काम करताना दिसला तर त्याच्या शेजारी जाऊन काही न बोलता उभ्या राहतात. तो हातमोजे घालेपर्यंत उभ्याच. हळूहळू 'मैडमजी' हे नाव पडलं.

त्यांची दोन वैशिष्ट्यं सगळ्या कारखान्याला पाठ होती. एक म्हणजे त्यांचं हिंदी. त्या कराडचं मराठीच हिंदीचे कपडे घालून बोलायच्या. "अरे, वो भट्टी को जरा दम खाने दो" असं म्हणाल्या की हरियाणवी पोरं पोट धरून हसायची आणि भट्टीला दमही खाऊ द्यायची. दुसरं म्हणजे, त्यांना तोंडी नकार चालत नसे. कुणी म्हणालं, "मैडम, ये नहीं हो सकता," की त्या खिशातलं पेन पुढे करायच्या. "लिख के दीजिए. क्यों नहीं हो सकता, वो भी लिखिए." दहातले आठ जण पेन पाहूनच काम करून टाकायचे.

आमच्या सेक्टरमध्ये त्या दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. माझ्या बायकोशी त्यांचं चांगलं जमलं. कधी रविवारी दोघं नवराबायको यायचे. त्यांचे यजमान अरुणराव अबोल, पण पोहे फार सुरेख करायचे. त्यांच्या मुलीला सकाळी शाळेत सोडायचं काम तेच करत. ऑफिसातले लोक त्यावरून त्यांना चिडवतात हे बाईंनी एकदा सांगितलं. अरुणराव नुसते म्हणाले, "चिडवू देत. शाळा रस्त्यातच आहे."

त्या वर्षीच्या थंडीत कारखान्यावर संकट आलं. नव्या मोटारींचे गिअर गठ्ठ्यानं परत येऊ लागले. दात वाकडे, कुठे बारीक चिरा. दिवसपाळीचा माल ठीक, खराबी सगळी रात्रपाळीची. सगळ्यांचं एकमत झालं की रात्री कामगार झोपा काढतात. दोघांना मेमो गेले. ते मीच टाइप केले होते.

रात्रपाळीला बाईंना जाता येत नसे. त्या काळी कायद्यानं स्त्रियांना कारखान्यात रात्रपाळी बंद होती. मग त्यांनी वेगळंच सुरू केलं. सकाळी सहाला, धुक्यात हात पुढे केला तर दिसत नाही अशा वेळी, त्या सायकलवरून गेटवर हजर. रात्रपाळी सुटायच्या आत शेडमध्ये जायचं, निघणाऱ्या माणसांशी बोलायचं, प्रत्येक गोष्टीला हात लावून पाहायचा. तीन आठवडे हे चाललं. शेवटी त्यांनी कारण शोधलं. रात्री वीज जायची आणि जनरेटर चालू व्हायचा. जनरेटरवर भट्टी चालायची, पण तेल कोमट ठेवणारा हीटर त्या जोडणीत नव्हताच. कडाक्याच्या थंडीत तेल गार पडायचं आणि लाल गिअर त्यात पडला की वाकायचा. इलेक्ट्रिशियननं जनरेटरपासून हीटरपर्यंत एक केबल ओढली. खराबी थांबली. ज्यांना मेमो गेले होते त्या दोघांना बाई स्वतः मल्होत्रांकडे घेऊन आल्या आणि मेमो मागे घेतल्याचं पत्र मिळेपर्यंत हलल्या नाहीत. तेही मीच टाइप केलं.

पण या सगळ्याचा अहवाल वाचायचा होता मोठ्या साहेबांसमोर, म्हणजे कंपनीच्या मालकांसमोर. रात्रपाळीचा इनचार्ज होता अरोरा नावाचा तरुण इंजिनिअर. त्याला भट्टीचं काम बाईंनीच शिकवलं होतं. माल रात्रपाळीचा, म्हणून अहवाल अरोरानं वाचायचा असं मल्होत्रांनी ठरवलं. अरोरानं वाचला. मोठ्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली. टाळ्या वाजल्या. बाई भिंतीजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. टाळ्या संपल्यावर त्या उठल्या.

"अरोराजी, एक पूछूँ? ये आपको सूझा कैसे? किस दिन, किसने बताया कि तेल ठंडा है?"

अरोरानं हातातला अहवाल मिटला. मग खाली मान घालून म्हणाला, "मैडम ने ढूँढा था, सर."

मोठे साहेब हसले. "वेरी गुड. टीम वर्क!" आणि बैठक पुढच्या विषयाकडे गेली. बाहेर आल्यावर मल्होत्रा त्यांना म्हणाले, "मैडम, इतना पर्सनल मत लिया कीजिए."

"काम पर्सनली ही किया था," बाई म्हणाल्या आणि शेडकडे निघून गेल्या.

आता जे सांगायचं ते माझ्या बाजूनं फारसं चांगलं नाही.

दुसऱ्या वर्षी बेदीसाहेब निवृत्त व्हायच्या बेतात होते. जायच्या आधी त्यांनी बढत्यांची यादी स्वतःच्या हातानं लिहून दिली. हीट ट्रीटमेंटच्या मॅनेजरपदासाठी त्यात एकच नाव होतं, शालिनी मोहिते. मी ती टाइप केली. बेदीसाहेब लुधियानाला गेले आणि चौथ्या दिवशी मल्होत्रांनी मला आत बोलावून दुसरी यादी दिली. तिच्यात त्याच जागी अरोरा. "पुरानी वाली फाड़ दो," ते म्हणाले. मी विचारलं नाही, पण त्यांनीच कारण सांगितलं. मॅनेजरला रात्रपाळीचा अनुभव हवा आणि बाईंना तो नाही.

म्हणजे कायदा म्हणतो रात्री येऊ नका, आणि कंपनी म्हणते रात्री आला नाहीत म्हणून बढती नाही. हे मला टाइप करतानाही कळत होतं. मी जुनी यादी फाडली आणि नवी टाइप केली.

यादी नोटीस बोर्डावर लागली त्या दुपारी बाई आमच्या खात्यात आल्या. आवाज नेहमीचाच. "मल्होत्राजी, मेरा नाम क्यों नहीं है, वो लिख के दीजिए."

"ऐसी चीज़ें लिखी नहीं जातीं मैडम."

"लिखी नहीं जातीं, तो की भी नहीं जानी चाहिए."

मल्होत्रांनी लिहून दिलं नाही. तेव्हा बाईंनीच लिहिलं. मोठ्या साहेबांच्या नावे एक पानाचा अर्ज. मला बढती का नाकारली, कारण कळावं. मी त्यावर आवकचा शिक्का मारला. उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तोच अर्ज पुन्हा, फक्त खाली एक ओळ जास्त, या महिन्यात विभागात मी काय काम केलं त्याची. तिसऱ्या महिन्यात दोन ओळी. सणवार असो, मुलीला ताप असो, एक तारीख चुकली नाही. खात्यात त्याची थट्टा व्हायची. "आ गई मैडम की मंथली मैगज़ीन," मल्होत्रा म्हणायचे. मी शिक्का मारायचो आणि वर बघायचो नाही.

पाचव्या की सहाव्या अर्जानंतर, एका रविवारी आमच्याकडे चहा घेताना, मला राहवलं नाही. बायको स्वयंपाकघरात होती. मी म्हणालो, "बाई, एक सांगायचंय. बेदीसाहेबांच्या यादीत तुमचं नाव होतं. मी टाइप केलं होतं."

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"बेदीसाहेबांनी सांगितलं?"

"नाही. यादी लागली तेव्हापासून तुम्ही माझ्या डोळ्याला डोळा देत नाही, दिघे. त्यावरून कळलं."

त्यांनी विचारलं, "वेळ आली तर सांगाल?"

"घर आहे, बाई. दोन मुलं आहेत. मल्होत्रा…"

"असू द्या. विचार करून सांगा." त्यांनी चहा संपवला, बायकोला हाक मारून कप विसळायला नेला, आणि पुन्हा कधीही तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

दहाव्या अर्जानंतर मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावलं. दिल्लीच्या पलीकडे, जयपूरच्या रस्त्याला, जिथे तोवर मोहरीची शेतं होती तिथे कंपनीचा नवा कारखाना उभा राहत होता. तिथे नेमणुका करायच्या होत्या. त्यापूर्वी ही 'मैगज़ीन' एकदाची बंद करावी असं साहेबांना वाटलं असावं. खोलीत मल्होत्रा, अरोरा, बाई आणि फाइल घेऊन मी.

मोठ्या साहेबांनी दहाही अर्ज चाळले; शेवटच्या काहींत बाईंनी, माझं नाव न घेता, बेदीसाहेबांच्या यादीचा उल्लेख केला होता. "ये कह रही हैं कि बेदी ने इनका नाम दिया था. मल्होत्रा?"

"ऐसी कोई लिस्ट रिकॉर्ड पे नहीं है, सर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "फाइल तुम रखते हो. थी कोई लिस्ट?"

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मला मोकळं सोडण्यासाठीच त्या खिडकीबाहेर बघत होत्या, हे आजही मला वाटतं. मी म्हणालो, "फाइल में नहीं है, सर."

ते खोटं नव्हतं. फाइलमध्ये यादी नव्हतीच.

तेवढ्यात अरोरा उठून उभा राहिला. "सर, लिस्ट थी. बेदी साहब ने जाने से पहले मुझे खुद बताया था कि नाम मैडम का दिया है. मैं चुप रहा, क्योंकि फ़ायदा मेरा था." त्याचा चेहरा लाल झाला होता. "और सर, आज भी भट्टी में कुछ अटकता है तो मैं इन्हीं से पूछता हूँ."

मग मोठे साहेब खाकरले आणि म्हणाले की ठीक आहे, नव्या कारखान्याची हीट ट्रीटमेंट मैडम बघतील. पद को-ऑर्डिनेटर.

आपण असतो तर तिथेच आभार मानून बाहेर पडलो असतो. बाईंनी विचारलं, "को-ऑर्डिनेटर क्या करता है, सर?"

"सबको साथ लेके चलना, विभाग देखना…"

"और अरोराजी यहाँ क्या हैं?"

"मैनेजर."

"भट्टी वही, तेल वही, गिअर वही. फिर नाम अलग क्यों? नई फैक्टरी में दो ही पाली हैं, रात का सवाल भी नहीं है. मैनेजर लिखिए, सर. नहीं तो ये काम मुझे नहीं चाहिए. मैं अगले महीने फिर अर्जी दूँगी."

मोठ्या साहेबांनी दहाही अर्ज परत फाइलमध्ये घातले. मग मला म्हणाले, "लिखो. मैनेजर."

मी लिहिलं. बाहेर आल्यावर त्या अरोराला एवढंच म्हणाल्या, "देर की. पण बोललात." हा 'पण' त्याला कळला असावा, कारण त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मला त्या काहीच म्हणाल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये त्यांनी नेहमीसारखी माझ्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली.

नव्या कारखान्यात माझीही बदली झाली. शेतांच्या जागी भराभर काचेच्या इमारती उठत होत्या, आणि रोज सकाळी आमची बस त्या धुळीतून जायची. तिथे बाईंनी मॅनेजर म्हणून पहिली भरती केली तेव्हा आयटीआय झालेल्या मुलींचेही अर्ज मागवले. मल्होत्रांच्या हेड ऑफिसमधून छापील फॉर्म आले. मुलींच्या फॉर्मवर एक ओळ जास्त होती, 'मी नोकरीत लागल्यापासून तीन वर्षं विवाह करणार नाही', आणि खाली सहीची जागा.

बाई तो फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "दिघे, मुलांच्या फॉर्ममध्ये ही ओळ आहे?"

"नाही."

"मग एक तर त्यांच्यातही घाला, नाहीतर ह्याच्यातून काढा. मला दोन्ही चालतील." आणि पहिल्यांदाच त्या थोडं हसल्या. "हेड ऑफिसला विचारून घ्या."

मी हेड ऑफिसला विचारलं नाही. त्याच दुपारी ती ओळ गाळून नवे फॉर्म टाइप केले आणि सायक्लोस्टाइल करून वाटले. मल्होत्रांचा फोन आला तेव्हा सांगितलं, "सर, मैंने निकाली है. लिख के दे सकता हूँ." दुसऱ्या दिवशी बाईंनी डब्यातला एक लाडू माझ्या टेबलावर ठेवला. कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

त्या फॉर्मांवर तीन मुली लागल्या. एक होती पानिपतची सुनीता. हातमागवाल्याची मुलगी, गावातली यंत्रावर काम करणारी पहिली. दुसऱ्याच वर्षी तिचं लग्न झालं. लोक म्हणाले, बघा. सुनीता लग्नाची रजा संपवून आली, पुढे बाळंतपणाची रजा घेऊन आली, आणि दर वेळी बाईंनी तिला तिच्याच भट्टीवर उभं केलं. "इसकी जगह यही है," एवढंच स्पष्टीकरण.

चोवीस-पंचवीस वर्षं बाईंनी तो विभाग चालवला. मुलगी शिकून नोकरीला लागली, अरुणराव निवृत्त झाले, आणि दोघं दिल्लीतल्या द्वारकेला एका सोसायटीत राहायला गेले. मग त्यांच्याही निवृत्तीचा दिवस आला. कँटीनमध्ये मंडप घातला होता. मोठ्या साहेबांचा मुलगा आता कंपनी बघत होता. त्यानं मनापासून भाषण केलं. म्हणाला, "मोहिते मैडम हम सबके लिए माँ जैसी थीं." टाळ्या झाल्या. बाईंना माईक दिला.

त्यांचं हिंदी एवढ्या वर्षांतही सुधारलं नव्हतं. "छोटे साहब ने प्यार से बोला, उनका आभार. पर एक दुरुस्ती करती हूँ. मेरी एक लड़की है, वो वहाँ बैठी है. माँ मैं उसकी हूँ. आप लोगों की मैं हीट ट्रीटमेंट की मैनेजर थी. वो होने में मुझे बहुत मेहनत पड़ी है. मुझे उसी नाम से याद रखिए."

मग मागच्या रांगेतून, जिथे शेडची माणसं उभी होती, टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

कार्यक्रम संपला. समोसे वाटले जात होते, फोटो चालले होते. मी बाईंना शोधत बाहेर आलो. त्या अंगण ओलांडून शेडकडे चालल्या होत्या. दुसरी पाळी नुकतीच लागली होती. दारापाशी त्यांनी गळ्यातला झेंडूचा हार काढला, भट्टीजवळ गळ्यात लोंबतं काही चालत नाही म्हणून, आणि तो दारावरच्या गार्डच्या हातात दिला. मग टोपी घालून आत गेल्या.

मी दारातून पाहिलं. भट्टीचं दार उघडत होतं. सुनीता, आता पाळीची इनचार्ज, तापमानाच्या काट्याकडे बघून माणसांना सूचना देत होती. बाई तिच्या मागे चार पावलांवर उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. सुनीतानं वळून पाहिलं, काही विचारलं. बाईंनी मान हलवली, नाही म्हणून, आणि बोटानं तिलाच खूण केली. तू सांग. सुनीता पुन्हा भट्टीकडे वळली आणि तिनं मोठ्या आवाजात हुकूम दिला. लाल गिअरांची चळत तेलात उतरली, धुराचा लोट उठला, आणि त्या धुरात मला बाई दिसेनाशा झाल्या.